चालक बदलण्याची जागा

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. कारखान्यात फोन करू नकोस म्हणतेस, मॅनेजरच्या टेबलाशी उभं राहून घरचं बोलता येत नाही, म्हणून लिहितो. शिवाय पत्रात माणसाला मध्येच तोडता येत नाही, हा फायदा आहेच.

मधल्याला अर्धांगाचा झटका आला. स्टँडवर, माईकसमोर. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हा तो गाडीची घोषणा करत होता. लोकांना म्हणे ‘दक्षिणेकडे जाणारी’ एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. माईक बिघडला असेल असं समजून प्रवासी शांतपणे उभे राहिले. ही खरखर आपला भाऊ आहे हे कळायला बराच वेळ गेला.

मला हे वॉर्डातल्या नर्सबाईंच्या पत्रातून कळलं. औषधांचं काम आता संपलंय, घरचं कोणीतरी येऊन सही करा आणि घेऊन जा, असं त्या लिहितात. त्याला उठवायला, भरवायला, पुसायला कायम माणूस लागणार. घरचं म्हणजे तू आणि मी. त्याला ना बायको ना मूल.

आता बाबांनी करून दिलेली वाटणी. तुला आठवते हे मला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू सोयीने विसरतेस. मी पोटापाण्यासाठी राज्याच्या उत्तर टोकाला आलो, तू लग्न होऊन दक्षिण टोकाला गेलीस, तेव्हा बाबा म्हणाले होते की नात्यातलं लग्न, बारसं, आजारपण, मयत, काही असो, वरचं धाकट्याने बघायचं आणि खालचं ताईने. दोघांनी सगळीकडे पळायचं नाही. रेघ कुठे, तर आपल्या गावच्या स्टँडवर, जिथे वरून आलेला चालक उतरतो आणि खालचा चढतो. बाबांनी उभ्या आयुष्यात गाडी तिथपर्यंतच आणली आणि तिथूनच परत नेली.

स्टँड गावाच्या वरच्या टोकाला. मधल्याचं घर आणि ते इस्पितळ स्टँडच्या खाली. म्हणजे मधला तुझ्याकडे आला.

मला आनंद होतोय असं समजू नकोस. नियम आहे म्हणून लिहितो.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग परत कामाला बसले. तुला माहीत आहे माझं काम. पट्ट्यावरून कप येतात, प्रत्येकाला टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला की तडा आहे, कप बाजूला. त्या दुपारी मला सगळेच कप बद्द वाटायला लागले. शेजारचीने हळूच विचारलं, कान दुखतोय का. हो म्हटलं.

मला रडू आलं नाही. वाट पाहिली, पण नाही आलं. जेवले, भांडी घासली, झोपले.

आता तुझ्या नियमाचं. स्टँड वरच्या टोकाला होता तो बाबांच्या वेळी. बाबा निवृत्त झाले आणि स्टँड गावाच्या खालच्या टोकाला हलवला, हे तुला कोणी सांगितलं नाही का? मधला इतकी वर्षं माईकवर बोलायचा तो नव्या स्टँडवर. चालक आता तिथे बदलतात. जुन्या स्टँडवर गाड्या हात दाखवला तर थांबतात, एवढंच. म्हणजे रेघ खाली सरकली, आणि मधल्याचं घर, इस्पितळ, सगळं रेघेच्या वर आलं. म्हणजे मधला तुझ्याकडे आला.

बाबांनी ‘वरच्या टोकाला’ म्हटलं नव्हतं. ‘चालक बदलतात तिथे’ म्हटलं होतं. तूच तसं लिहिलंयस, तुझ्याच अक्षरात.

तो काही खातो का, ते नर्सबाईंना विचारून कळव.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

वकिलीच करायला हवी होतीस, कपांनी काय पाप केलं होतं.

रेघ सरकत नसते. सरकते ती रेघ कसली? उद्या स्टँड नदीपलीकडे नेला तर राज्याची दक्षिण पळून जाईल का? बाबांनी ठरवलं तेव्हा जिथे होती तिथेच ती आहे.

तरी तुझं म्हणणं डोक्यात घेऊन मी चार लोकांना विचारलं. दुकानात चष्मा घ्यायला येणाऱ्या माणसाला नाही तरी बोलायला काही लागतंच. नंबर तपासता तपासता विचारतो, राज्याची उत्तर कुठे संपते हो? ज्याचं घर जिथे, त्याच्या जरा खालीच प्रत्येकाची उत्तर संपते. एक शिक्षक म्हणाले, जिथून लोक सावकाश बोलायला लागतात तिथून दक्षिण. एक बाई म्हणाल्या, आमची सून जिथली आहे तिथून. एका म्हाताऱ्याने काचेतून माझ्याकडे बघून सांगितलं की उत्तर वगैरे काही नाही, ते सगळं निवडणुकीपुरतं असतं.

रेडिओवर रोज हवामान सांगतात. उत्तर भागात ढगाळ, दक्षिण भागात कोरडं. आपल्या गावाचं काय ते कधीच सांगत नाहीत. मधला म्हणायचा, आमच्याकडे हवामानच नसतं, आम्ही नुसते खिडकीतून बघतो. आठवतं का?

तो पातळ खातो. डाव्या हाताने चमचा धरायला शिकतोय. सगळं समजतं, असं नर्सबाई म्हणतात. बोलता येत नाही, पण समजतं. हे वाचल्यापासून मला दुकानात जरा उशीर होतो.

तू का येत नाहीस ते खरं सांगशील का? तुझं घर मोठं आहे. मागची खोली तर आता रिकामीच असेल.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

मागची खोली रिकामी आहे. सासूबाई त्याच खोलीत होत्या. मी त्यांना कूस बदलून द्यायचे, भरवायचे, धुवायचे, आणि मग कारखान्यात जायचे. त्या गेल्या तेव्हा सगळे रडले आणि मी पलंगावरची चादर काढून भिजत घातली. लोकांना वाटलं, किती धीराची आहे. धीर नव्हता रे. आत काही हललंच नाही. अजून हलत नाही. त्या खोलीचं दार मी लावून घेतलं आहे आणि ते मला उघडायचं नाही. मधल्यासाठीही नाही. हे लिहितानाही मला लाज वाटायला हवी, ती वाटत नाही. त्याचीच भीती वाटते.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता तू सांग. तुझ्या दुकानामागे खोली आहे, बायको आहे, मुलं हाताशी आलीत. तू का जात नाहीस?

ते काही असो. पत्रात हा वाद मिटायचा नाही. दोघांनी जाऊ. १० मार्चला रविवार आहे, इस्पितळात दुपारी भेटायला सोडतात. तू तुझ्या बाजूने रेघेपर्यंत ये, मी माझ्या बाजूने येते. तिथे भेटू आणि मग बरोबरच आत जाऊ. एकटं कोणी आत जायचं नाही. जो एकटा जाईल त्याच्यासमोर नर्सबाई कागद ठेवतील आणि मधला त्याच्या तोंडाकडे बघेल.

ताई


२ मार्च

ताई,

येतो. सकाळच्या गाडीने निघून दुपारपर्यंत पोचेन. नर्सबाईंनाही कळवलं आहे की रविवारी आम्ही दोघं येतोय, म्हणजे मधल्याला सांगून ठेवतील.

मी का जात नाही ते तिथे सांगेन. लिहायचं म्हटलं की हात दुसरंच काहीतरी लिहितो.

धाकटा


११ मार्च

धाकट्या,

घरी पोचून जेमतेम चप्पल काढली आणि लिहायला बसले आहे.

तू आला नाहीस. मी भर दुपारी उतरले, चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले. वरून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. चालक उतरायचा, पाठ ताणायचा, खालचा चढायचा, माणसं आपापल्या जागी बसून राहायची. तू कशातच नव्हतास. माईकवर आता एक मुलगी असते. स्पष्ट बोलते, पण मधला गावांची नावं घेताना जणू तिथे त्याचं कोणी राहतं अशी घ्यायचा, तसं नाही.

इस्पितळाची गच्ची तिथून दिसते. वाळत घातलेल्या चादरीसुद्धा दिसतात. दोनदा उठले. दोनदा बसले. एकटं जायचं नाही असं मीच लिहिलं होतं.

शेवटची गाडी धरली. इतक्या वर्षांत मी तुझ्यावर कधी रागावले नाही, आताही रागावलेली नाही. रागावायला जे लागतं ते माझ्याकडे उरलेलं नाही. पण तू शब्द द्यायला नको होतास, एवढं मात्र म्हणते.

ताई


११ मार्च

ताई,

एक साधी चिठ्ठी तरी ठेवायचीस.

पूर्ण दुपार जुन्या स्टँडवर बसून होतो. आता तिथे फक्त एक टपरी आहे आणि एक पडकं छत. चहावाल्याने मला ओळखलं, ‘ड्रायव्हरचे धाकटे ना तुम्ही’ म्हणाला. मग मधल्याची चौकशी केली. मी म्हटलं, बघायलाच आलोय, बहिणीची वाट बघतोय. तो म्हणाला, इस्पितळ इथून खालीच आहे, ह्याच रस्त्याला. माहीत आहे म्हटलं. त्याने पुढचा चहा न मागता आणून ठेवला आणि गेला. आई लहानपणी खोकल्याचं औषध असंच समोर ठेवून निघून जायची.

तू विचारलं होतंस, मी का जात नाही. तिथे सांगेन म्हटलं होतं. तू आली नाहीस, म्हणून इथे सांगतो. बाबा आजारी होते तेव्हा मी आलो तो सगळं संपल्यावर. आईच्या वेळीही तसंच. मधल्याने दोघांचं केलं आणि मी वेळेवर येऊन खांदा तेवढा दिला. आजारी माणसाचं तोंड मी जवळून कधी पाहिलेलं नाही. मला ते बघवणार नाही. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघतो, पण मध्ये काच असते.

तुझ्या घरात मागची खोली आहे, माझ्या घरात भित्रा माणूस आहे. आता काय ते तूच ठरव.

धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

तुझं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. बहुधा आपल्याच गावात.

तू आला होतास. मीही आले होते. तू तुझ्या रेघेवर बसलास, मी माझ्या. मध्ये चालत जाण्याएवढा एक रस्ता आणि त्या रस्त्यावर तो. मी ‘रेघेपर्यंत ये’ एवढंच लिहिलं, कुठली ते लिहिलं नाही. तूही विचारलं नाहीस. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने आपलं ऐकलं.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. हसू यायला हवं होतं बहुतेक. आपल्या घरात पूर्वी असल्या गोष्टीवर आठवडाभर हसले असते. मधल्याने नक्कल करून दाखवली असती, तू बाकावर, मी बाकावर.

आता परत जायचं तर आधी एकच रेघ धरू. म्हणून मी मधल्यालाच लिहिलं आहे. आपण दोघं येऊन गेलो, कुठे कुठे बसलो, सगळं खरं लिहिलं. विचारलं की बाबांनी नक्की काय ठरवलं होतं. त्याचं आयुष्य स्टँडवर गेलं, शेवटपर्यंत बाबांजवळ तोच होता, त्याला ठाऊक असणार. लिहिता येत नसेल तर नर्सबाईंनी एकेक विचारावं आणि त्याने मान हलवावी. तो वर म्हणाला तर तू, खाली म्हणाला तर मी. खाली म्हणाला तर मी दार उघडेन.

आजारी माणसाला हे विचारणं बरं नव्हे. पत्र पेटीत टाकल्यावर ते कळलं.

ताई


८ एप्रिल

ताई आणि धाकट्या,

एकच पत्र कार्बन लावून दोघांना लिहितोय. हात एकच आहे. वरची प्रत कोणाला आणि खालची कोणाला यावर भांडू नका.

डावा हात आहे. अक्षर लागत नसेल तर तसंच सोडा, रोज थोडं थोडं लिहितो.

मी आता इस्पितळात नाही. नव्या स्टँडवर चालकांची विश्रांतीची खोली आहे, तिथे मला कोपऱ्यातली खाट दिली आहे. आगारप्रमुखांनी परवानगी काढली, इस्पितळात सहीही त्यांनीच केली. वरून आलेला चालक उतरला की आधी माझ्याकडे येतो, तोंड पुसतो, भरवतो, कूस बदलून देतो. खालून आलेला आला की मग तो उठतो. रोज माणसं निराळी असतात. काहींचे हात राठ आहेत, काहींना गाता येतं. आधी मला फार लाज वाटली. आता नाही वाटत.

बाबांबद्दल विचारलंत.

बाबा रेघेच्या पलीकडे कधी गेले नाहीत, हे तुम्हाला आईने सांगितलेलं. तिलाही तेच ठाऊक होतं. बाबा पुष्कळदा गेले. चालक बदलण्याचा नियम असा आहे की पुढचा माणूस समोर उभा दिसल्याशिवाय खाली उतरायचं नाही. चावी सीटवर ठेवून जायचं नाही, हातात द्यायची. खालचा चालक आजारी पडला, वाटेत अडकला, नाहीच आला, तर वरच्यानेच गाडी पुढे न्यायची, कारण आत माणसं बसलेली असतात. त्यांना उत्तर कुठे संपली याच्याशी देणंघेणं नसतं. बाबा असे किती वेळा पार खालपर्यंत जाऊन आले, त्याचा हिशेब नाही. ताई, तुझ्या गावच्या स्टँडवरही ते गाडीत झोपून आलेत. इतक्या रात्री लेकीचं दार कशाला वाजवा म्हणून आले नाहीत. आई काळजी करेल म्हणून घरी सांगायचे नाहीत. शेवटच्या आजारात मला सांगत बसायचे, एकेक गाव.

वाटणी झाली तेव्हा आईने विचारलं होतं, वरचं ह्याचं, खालचं हिचं, मग मधलं कोणाचं? बाबा हसून म्हणाले होते, मधलं मधल्याचं. तुम्ही दोघंही हसला होतात. मीही हसलो होतो. बाबांचं मी केलं, आईचं मी केलं, त्याचं मला काही वाटत नाही. मला गाव आवडायचं.

रेघ जुन्या स्टँडवर की नव्या, मला माहीत नाही. माझ्यासाठी ती नव्हतीच. मी दोन्हीकडच्या गाड्या एकाच आवाजात सांगायचो.

तुम्ही दोघं त्या रविवारी येऊन गेलात, हे ताईच्या पत्रातून कळलं. कळलं ते बरं झालं. वाईट वाटलं का असं नर्सबाईंनी विचारलं. मी खांदा उडवला, डावा. खरंच कळत नव्हतं. अजून कळत नाही.

खोली रस्त्यालगत आहे. यायचं असेल तर गाडीतून उतरल्यावर कोणालाही विचारा. एकटे या किंवा दोघं या. मला घेऊन जायला येऊ नका, नुसते या. धाकट्या, तोंड थोडं वाकडं झालंय, एवढंच. ताई, तू दार बंदच ठेव.

नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं की त्या रविवारी दोघं येणार. मी खुणेने त्यांच्याकडून दाढी करून घेतली, केस विंचरून घेतले. खाटेजवळ एकच स्टूल होतं, म्हणून कचेरीतून दोन खुर्च्या मागवल्या. एक खिडकीकडे ठेवली, एक दाराकडे. भेटायची वेळ संपल्यावर नर्सबाईंनी विचारलं, खुर्च्या नेऊ का. मी थोडं थांबा अशी खूण केली. मग अंधार पडला, दिवे लागले, त्यांनी परत विचारलं, तेव्हा मी मान डोलावली.

मधला